फोनला नावं ठेवताना

दिवाळीआधीची आवराआवर म्हणजे आमच्या घरी उत्खननच असतं. यंदा कपाटाच्या तळच्या खणात, लग्नपत्रिका आणि विम्याच्या जुन्या पावत्यांखाली, माझा पहिला मोबाईल सापडला. मागचं झाकण सुटलेलं, बॅटरी पुरीसारखी फुगलेली. नातवाने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "आजी, याच्या कडेला ही बटणं कशाला?"

म्हटलं, "गाण्यांची आहेत. हा गाण्यांचा फोन होता."

"म्हणजे? गाणी तर सगळ्याच फोनवर असतात."

त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं. ज्याचा जन्म २०१३ चा, त्याला 'गाण्यांचा फोन' हे 'पाण्याची विहीर' म्हटल्यासारखंच वाटणार. तेव्हा ठरवलं की या वस्तूचा इतिहास एकदा लिहून टाकायचा. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, शिवनेरी आणि लेण्याद्रीला सहली नेल्या, पण स्वतःच्या खणातल्या वस्तूचा इतिहास मात्र राहून जातो.

मी मे २००९ मध्ये निवृत्त झाले. माझं माहेर जुन्नर, सासर आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या पश्चिमेला. नोकरीही शेवटी तिकडेच होती. निरोपाच्या कार्यक्रमात सहकाऱ्यांनी वर्गणी काढून साडी, श्रीफळ आणि हा फोन दिला. "बाईंना गाण्याची आवड, म्हणून खास म्युझिकवाला घेतलाय," असं एका सरांनी माईकवरून जाहीर केलं. किंमत पाच हजारांच्या आत होती. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यातला बराचसा दोष त्या काळच्या बहुतेक स्वस्त गाणीवाल्या फोनांना लागू होता, एकालाच कशाला फासावर द्यायचं?

हे फोन आले कुठून? २००५ साली मोटोरोलाने अ‍ॅपलशी संधान बांधून रॉकर नावाचा फोन काढला होता. त्यात गंमत अशी की कार्डावर जागा शिल्लक असली तरी शंभरच्या वर गाणी घ्यायची नाहीत, असं कुलूपच घातलेलं. त्याच वर्षी सोनी एरिक्सनने वॉकमनचं नाव लावलेला फोन आणला. नोकियाने एक्सप्रेसम्युझिक म्हणून मालिका काढली. त्यातला ५१३० हा स्वस्तातला फोन २००८ च्या अखेरीस जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी मंचरच्या कॉलेजातल्या पोरांच्या खिशातून तो डोकावू लागला. त्याच्या आगेमागे मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा, आणि कसलंच धड नाव नसलेले, पण देवळातल्या भोंग्यासारखे वाजणारे चिनी फोन. या चिनी फोनांपैकी पुष्कळांना आयएमईआय हा ओळखक्रमांकच नसायचा. ३० नोव्हेंबर २००९ नंतर असे फोन बंद करा, असा सरकारी आदेश निघाला आणि गावोगाव एकच धावपळ उडाली होती. फोनला ओळख पाहिजे हे सरकारला पटलं होतं. गाण्याला ओळख पाहिजे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. पण ते पुढे सांगते.

आधी कौतुक करते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी नुसती कुरकुरते. सोबत फुकट मिळालेल्या १ जीबीच्या नखाएवढ्या कार्डात दोनशेच्या आसपास गाणी मावत. (पाच मिनिटांचं गाणं साधारण ५ एमबीचं, हा हिशोब मला मुलाने शिकवला.) आमच्या घरात कॅसेटी होत्या त्या दोन पत्र्याच्या पेट्या भरून, आणि त्यातल्या निम्म्यांची फीत गुंतलेली, पेन्सिल घालून फिरवत बसावं लागे. पहाटे फिरायला जाताना कानात माणिक वर्मा, हे सुख मला त्या फोनने दिलं. ते नाकारणार नाही.

आता दोष.

खोक्यावर मोठ्या अक्षरात 'एफएम रेडिओ' लिहिलेलं होतं. इयरफोनची वायर हीच त्याची एरियल, ती खुपसल्याशिवाय रेडिओ सुरूच होत नसे. खुपसली तरी आमच्या गावात नुसती खरखर. आकाशवाणीचं पुणे केंद्र आम्ही लहानपणापासून ऐकलं ते मध्यम लहरींवर, ७९२ किलोहर्ट्झला. या लहरी जमिनीला धरून डोंगरापलीकडे पोचतात. एफएमच्या लहरी सरळ जाणाऱ्या. सह्याद्रीचा डोंगर आडवा आला की त्यांचा प्रवास तिथेच संपला. फोनमध्ये मध्यम लहरींची सोय नव्हती. म्हणजे ज्याला रेडिओची खरी गरज त्या डोंगरातल्या माणसाला तो रेडिओ मुकाच. आणि आमचा जुन्नर तालुका तर रेडिओसाठी जगप्रसिद्ध! खोडदची ती प्रचंड रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, ती इथे उभारली त्यातलं एक कारण असं की या भागात रेडिओ लहरींचा गोंगाट कमी. शास्त्रज्ञांना तिथे आकाशगंगा ऐकू येतात. मला 'आपली आवड' ऐकू येत नव्हती.

दुसरा दोष ढोलकीचा. जुन्नरजवळचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांचं नाव आमच्या भागात आजही आदराने घेतात. आम्ही शिकलेल्या घरातल्या मुली. तमाशा बघायचा म्हटलं तर वडिलांनी घरात घेतलं नसतं. पण ऐकायला कोण बंदी करणार? यात्रेच्या रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं की वाऱ्यावरून ढोलकी यायची, आणि लांबून येते ती तिची डावी बाजू, तो घुमारा. शब्द यायचे नाहीत, घुंगरं यायची नाहीत. माझ्यापुरता तमाशा म्हणजे तो घुमारा. या फोनच्या चिंचोक्याएवढ्या स्पीकरमधून नेमका तोच यायचा नाही! खालचा आवाज काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते, तेवढा दम त्या पडद्यात नसतो. लावणी लावली की उजव्या बाजूची नुसती टणटण. चिनी फोनवाले म्हणायचे, आमचा आवाज मोठा. मोठा होता, पण तो सगळा वरचाच.

तिसरा दोष सांगताना अजून हसू येतं. मुलाने मला गीतरामायणाची सगळी ५६ गाणी घालून दिली. गदिमा आणि सुधीर फडके यांचं हे गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर आठवड्याला एक गीत असं सुरू होतं. गाव गोळा होऊन रेडिओ ऐकायचं, असं माझी आई सांगत असे. फोनने मात्र ती गाणी लावली इंग्रजी बाराखडीप्रमाणे. ए, बी, सी, डी! त्यामुळे सेतू बांधून झाल्यावर दशरथाला पुत्र हवा झाला आणि स्वयंवराच्या आधीच सीता वनात. वाल्मीकींनी डोक्याला हात लावला असता. क्रम बदलायची सोय असेलही, पण त्या फोनच्या इंग्रजीत ती मला कधी सापडली नाही.

कडेच्या बटणांचंही सांगून टाकते. ती पर्समध्ये दाबली जात. एकदा ओळखीतल्या एका वारलेल्या गृहस्थांच्या दशक्रियेला नदीकाठी बसलो होतो, महाराजांचं प्रवचन रंगात आलेलं, सगळे माना खाली घालून, आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीतून कोळीगीत सुरू झालं. बंद करायला गेले तर मेलं पुढचं गाणं लागलं. असो.

पण हे सगळे दोष सोसण्याजोगे होते. मला खरा सलतो तो चौथा. गाणं वाजत असताना पडद्यावर काय दिसायचं? 'ट्रॅक ०७'. खाली 'अननोन आर्टिस्ट', म्हणजे अज्ञात कलावंत. कुणी देवनागरीत नाव घातलेलं असलं तर त्याच्या जागी चौकोन, एकापुढे एक रिकामे चौकोन, मुलांच्या शब्दकोड्यासारखे. आणि स्टँडसमोरच्या दुकानातून 'कार्ड भरून' आणलं की गायकाच्या जागी कुठल्या तरी वेबसाईटचं नाव.

यात नवीन काय, असं तुम्ही विचाराल. मी इतिहासाची शिक्षिका, मला यात नवीनच वाटतं. आपल्याकडे गाणं तोंडोतोंडी जायचं तेव्हा सुद्धा नाव पुसलं जाऊ नये याची सोय गाण्याच्या आतच होती. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुका येतो, नामा येतो, जनी येते. लावणीच्या शेवटी होनाजी बाळा येतो, सगनभाऊ येतो. नाव काढायचं तर चरण मोडावा लागेल, अशी ती गाठ. पुढे यंत्र आलं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं तेव्हा गाणं संपताच त्यांनी इंग्रजीत आपलं नाव उच्चारून ठेवलं. कारण व्यवहाराचं होतं. तबकड्या दाबून निघायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळून लेबल बरोबर लागावं म्हणून. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकडीने आमच्या ख्यालाचे हातपाय कापले हे खरं, पण नाव नाही कापलं. रेडिओवर निवेदिका गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायची. 'आपली आवड'मध्ये तर फर्माईश करणाऱ्यांची सुद्धा नावं, गावासकट! कॅसेटच्या आत घडी घातलेला कागद असायचा, त्यावर बारीक अक्षरात सगळे. मी तो कागद गाणं चालू असताना वाचत बसायची.

मग एमपी३ आली. तिच्यात नाव लिहायला जागा नव्हती असं नाही. १९९६ मध्ये एक पद्धत निघाली, तिच्यात गाण्याच्या शेपटाला एक तक्ता जोडला जायचा: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष, शेरा, प्रकार. नावाला जास्तीत जास्त ३० अक्षरं. शाळेच्या हजेरीपटासारखेच ते रकाने, आणि मी हजेरीपट भरण्यात जन्म घालवला. म्हणून लगेच लक्षात आलं, की यात कवीला रकानाच नाही. संगीतकारालाही नाही. पुढच्या आवृत्त्यांत ते रकाने आले, पण ते भरणार कोण? दुकानदाराला घाई, पोराला घाई, आणि स्वस्त फोनला ते दाखवायची इच्छा नाही. आमच्या आळीतला एक मुलगा शांता शेळक्यांचं गाणं दिवसभर वाजवायचा. कुणाचं रे, म्हटलं तर म्हणे, "माझंच आहे बाई, कालच टाकलं कार्डात." शांताबाई तर मंचरला वाढलेल्या, आमच्या तालुक्याच्या! त्याला सांगितलं तेव्हा त्याला खरंच वाटेना.

नाणेघाटात जाऊन आला असाल तर आठवा. लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या पुतळ्यांची रांग होती. आज पुतळे नाहीत, पावलांच्या खुणा काय त्या उरल्यात. पण वर ब्राह्मीत कोरलेली नावं आहेत. सिमुक सातवाहन, राणी नायनिका, श्री सातकर्णी. शिवनेरीच्या लेण्यांत पाण्याची दोन टाकी खोदवून देणाऱ्या इरिल नावाच्या यवनानेही आपलं नाव तिथे लिहून ठेवलंय. दोन टाक्यांसाठी! त्या माणसाचा चेहरा, भाषा, धंदा काहीच उरलं नाही, नाव उरलं. माझ्या फोनमध्ये बरोबर उलट. आवाज स्वच्छ, आणि माणूस गायब.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येते.

माझ्या सासूबाईंचं माहेर आंबेगाव. तालुका नव्हे, गाव. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते घोड नदीकाठचं जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुका नावाने राहिला, कचेरी घोडेगावला, आणि गाव पाण्याखाली. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या किती येत होत्या याची मोजदाद नाही. भावाच्या, लेकाच्या, भीमाशंकराच्या, नदीच्या, आणि गाव उठलं त्याच्यासुद्धा. २०१० च्या उन्हाळ्यात मी ठरवलं की या फोनवर सगळ्या भरून घ्यायच्या. फोन गाण्यांचा आहे ना!

त्यांना नुसतं बसून म्हणता येईना. "जातं फिरल्याबिगर ओवी येत न्हाय गं," म्हणाल्या. म्हणून पडवीतलं जातं धुऊन-पुसून मांडलं, पायलीभर ज्वारी घेतली, मी समोर बसून खुंट्याला हात लावला आणि फोन पाटावर ठेवला. चार दुपारी आम्ही दळलं. रेकॉर्डिंग चांगलं झालं असं मला वाटलं. रात्री इयरफोन लावून ऐकलं तर जात्याची घरघर नाहीच. फोनच्या रेकॉर्डिंगची पद्धत टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी केलेली, साधारण २०० ते ३४०० हर्ट्झच्या बाहेरचं ती टाकून देते. जातं म्हणजे तिच्या लेखी कचरा. सासूबाईंचा आवाज डबक्यातून आल्यासारखा, आणि जिच्यावर तो आवाज टेकलेला ती घरघरच काढून घेतलेली. तरी शब्द होते. फायलींची नावं होती 'रेकॉर्डिंग १', 'रेकॉर्डिंग २', अशी एकोणीसपर्यंत.

नावं बदलायचं माझ्या मनात होतं. इंग्रजीतून ती टंकायची म्हणजे एका अक्षराला एकच बटण तीनदा दाबायचं. उद्या करू, परवा करू. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे वही काढली नाही. आयुष्यभर पोरांना 'लिहून घ्या' म्हणून ओरडले, आणि स्वतः लिहून घेतलं नाही. फोन होता ना.

२०११ मध्ये एक दिवस फोनने कार्ड वाचायचं बंद केलं. मुलगा ते घेऊन एका दुकानात गेला. दुकानदाराने बघितलं, 'कार्ड करप्ट झालंय' म्हणाला आणि फॉरमॅट मारला. कार्ड पुन्हा चालू झालं. मुलाने आत आजीची रेकॉर्डिंगं होती म्हटल्यावर तो बिचारा ओशाळला, आणि भरपाई म्हणून नवीन दोनशे गाणी फुकट भरून दिली. त्याचा दोष मी मानत नाही. त्याच्या समोर 'रेकॉर्डिंग ७' असं असतं तरी त्यात काय आहे हे त्याला कसं कळावं?

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ दे, परत दळू." पण त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले, खाली बसता येईना, आणि २०१२ च्या माघात त्या गेल्या.

इथे माझ्याच म्हणण्याला एक छेद द्यावा लागतो. ओवीत बाईचं स्वतःचं नाव क्वचितच असतं. भावाचं असतं, लेकाचं असतं, सोयऱ्याच्या गावाचं असतं, गाणारणीचं नसतं. तुका, नामा, होनाजी यांनी चरणात नाव बांधलं, जनी एखादीच. म्हणजे फोनने बायकांना अज्ञात केलं असं मी म्हणू शकत नाही, त्या आधीच होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून मावळ-मुळशीपासून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांनी गाणारणीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. आता त्या ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर नावांसकट वाचता-ऐकता येतात. मी त्या ऐकते तेव्हा आधी नाव वाचते. आंबेगावच्या बाजूची एखादी बाई निघाली की जीव गोळा होतो. पण ज्या आवाजाची मी वाट बघते तो तिथे नसणार हे माहीत असतं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि हळूहळू कार्ड भरून देणारी दुकानं कव्हर आणि काचा विकायला लागली. आता गाणं मागितलं की येतं, गायकाचं नाव दिसतं. कवी शोधायला अजूनही दोन-तीनदा बोट लावावं लागतं, पण सापडतो तरी.

तर सापडलेल्या फोनला नातवाने कुठून तरी बॅटरी मिळवून आणली. फोन चालू झाला! त्या दुकानदाराची दोनशे गाणी जशीच्या तशी आहेत. ट्रॅक ०१ ते ट्रॅक २००. चार-पाच सोडली तर एकही माझ्या आवडीचं नाही.

भाऊबीजेला वन्सं आल्या होत्या, वय एक्क्याऐंशी. त्यांना फोन दाखवला, जुनी गोष्ट निघाली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "वैनी, मला आईच्या धा-बारा येत्यात अजून." जातं आता अंगणात तुळशीशेजारी शोभेला आहे, वरची पाळ भंगलेली. ते उचलणं शक्य नव्हतं. वन्संनी डोळे मिटले आणि रिकामाच हात गोल फिरवायला सुरुवात केली. अकरा ओव्या झाल्या. बाराव्या ओवीचा पहिला चरण आला, पुढचा आला नाही. मी या वेळी वही घेऊन बसले होते, नातवाने त्याच्या फोनवर भरून घेतलं.

झाल्यावर तो म्हणाला, "आजी, फाईलला नाव काय देऊ?"

सासूबाईंचं संपूर्ण नाव सांगितलं. त्याने मराठीत टंकलं, झरझर. मग वन्संचं. "गाव?" "आंबेगाव."

"आंबेगाव म्हणजे तालुका ना? गाव कोणतं?"

"गावच आहे रे ते," वन्सं म्हणाल्या. "गाव लिही."